मध्ये आलेली फांदी

सासू आणि सून दुकान बंद असेल त्या दिवशी एकाच गाडीत बसून हौसेने रानोमाळ फिरतात, हे बाजारपेठेत कुणाला खरं वाटत नसे. शेजारच्या चष्मेवाल्याचं म्हणणं असं, की घरात मोठ्याने भांडता येत नाही म्हणून त्या गावाबाहेर जात असणार. भांडत त्या होत्याच. पण ते भांडण उजेड कुठून यावा, गाडीची काच किती खाली करावी आणि 'थांबव' म्हटल्यावर ब्रेक किती जोरात दाबावा, यावरून असे.

सून फोटो काढायची. तो तिचा धंदाच होता. सासऱ्यांनी टाकलेला फोटो स्टुडिओ आता ती चालवत होती. पुढच्या खोलीत पांढरा पडदा, गोल स्टूल आणि दोन दिवे. मागच्या खोलीत तिचा नवरा काचा कापायचा आणि फ्रेमा ठोकायचा. आठवडाभर ओळखपत्रासाठी आलेल्या माणसांना 'हनुवटी जरा खाली, डोळे मिटू नका, हसू नका' असं सांगून तिचा जीव विटायचा. न हसणारी इतकी तोंडं पाहिल्यावर माणसाला झाडं बघावीशी वाटणारच. म्हणून सुटीच्या दिवशी ती मोठा कॅमेरा घेऊन बाहेर पडायची आणि ज्यात एकही तोंड नाही असे फोटो काढायची. डोंगराचा उतार, कापणी झालेली शेतं, कुठेच न पोचणारे रस्ते.

सासूबाईंचं काम शोधण्याचं. ऐंशी उलटली होती, गुडघे गेले होते, कानही निम्मे गेले होते, पण नजर घारीची. पुढच्या सीटवर पाठीला दोन उशा लावून त्या बसायच्या आणि एकदम म्हणायच्या, "थांबव." का, ते विचारायचं नाही असा करार होता. शेताच्या मधोमध भिंतीशिवाय उभं असलेलं दार त्यांनीच शोधलं. घर कधीच पडून गेलं होतं, दाराला मात्र कुलूप होतं. "मालक सावध दिसतोय," त्या म्हणाल्या होत्या. झाडाच्या बेचक्यात अडकवलेली खुर्ची, कोंबड्यांनी बळकावलेला बसथांबा, माळावर एकटंच पडलेलं नाव पुसलेलं होडकं, ही सगळी त्यांची कमाई. स्टुडिओच्या भिंतीवर ते फोटो लागले, की खाली सुनेचं नाव असायचं आणि सासूबाई गिऱ्हाइकांना आवर्जून सांगायच्या, "बटण तिनं दाबलंय, पण दिसलं मला."

या सगळ्याला एक नियम होता, आणि तो सासऱ्यांचा होता. पूर्वी ते लोकांच्या घरी जाऊन कुटुंबाचे फोटो काढत. त्यासाठी घड्याळ काढावं लागे, फुलदाणी सरकवावी लागे. 'फोटोसाठी काहीही हलवा,' ते सांगत, 'पण कॅमेरा पिशवीत जायच्या आधी वस्तू जागेवर गेली पाहिजे. जिथलं तिथे. घर त्यांचं आहे, आपण पाहुणे.' ते गेल्यावर सुनेने हा नियम रानातही पाळला. एकदा तर फ्रेममध्ये येणारी फुटकी बाटली तिने बाजूला केली आणि फोटो झाल्यावर परत होती तिथे नेऊन ठेवली. तेव्हा सासूबाई खिडकीतून ओरडल्या होत्या, "अगं, कचरा तरी नको जागेवर ठेवूस."

तर असा हा नियम. आणि तो ज्या एका दिवशी मोडला, त्या दिवसाची ही गोष्ट.

त्या दुपारी शहर मागे पडल्यावर सुनेच्या लक्षात आलं, की कॅमेऱ्याची भरलेली बॅटरी चार्जरलाच राहिली. कॅमेऱ्यात होती तिच्यात जेमतेम धुगधुगी. फाट्यावरच्या चहाच्या टपरीशी गाडी उभी करून तिने नवऱ्याला फोन लावला.

"अहो, बॅटरी घरीच राहिली."

"डोकं घेऊन गेली आहेस ना?"

"चेष्टा नंतर करा. आज उजेड फार सुंदर पडलाय. आणून देता का?"

"देतो. आज मला दुसरं काय काम आहे? कुठे येऊ?"

"तळ्याच्या रस्त्यानं या. आम्ही हळूहळू पुढे जातो आणि पलीकडच्या पंपघराशी थांबतो."

"मोटारसायकल काढतो. आईला म्हणावं, वाटेतल्या सगळ्या गोष्टी शोधून संपवू नकोस, मलाही एखादी ठेव."

तो मोटारसायकलवर असताना फोन घेत नसे. शेजारचा एक मुलगा फोन कानाला लावून चालवताना पडला होता, तेव्हा सासूबाईंनी स्वतःच्या डोक्यावर त्याचा हात ठेवून शपथ घातली होती. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण आईची शपथ म्हणजे शपथ. फोन तो मागच्या पेटीत टाकायचा आणि वर कुलूप लावायचा.

तळ्याचा रस्ता अरुंद आणि ओसाड. नवा रुंद रस्ता झाल्यापासून इकडे क्वचित कुणी फिरकत असे. दोन्ही बाजूंना कमरेइतकं वाळलेलं गवत, समोर उतार आणि उताराच्या तळाशी पाणी. एका वळणाआधी रस्त्यात एक फांदी उभी होती. जमिनीतून उगवल्यासारखी, डांबरातून सरळ वर आलेली, आणि तिच्या शेंड्याला लाल कापडाची पट्टी बांधलेली.

"थांबव," सासूबाई म्हणाल्या.

सुनेने फांदीला उजवीकडून वळसा घातला आणि वळणाजवळ, फोटोत येणार नाही अशी कडेला गाडी उभी केली. आपण वळसा का घातला, याचा विचार तिने केला नाही. समोर काही उभं असलं की माणूस बाजूने जातो, तितकंच ते झालं.

मागे चालत येऊन तिने फांदीसकट एक फोटो काढला. मग डोळा कॅमेऱ्यालाच ठेवून ती थबकली. ढगाच्या कडेतून ऊन खाली आलं होतं आणि सगळं गवत एकदम पेटल्यासारखं पिवळं झालं होतं. रस्ता त्यातून काळाभोर वळण घेत पाण्यापर्यंत गेला होता. इतकी वर्षं ती जो फोटो शोधत होती, तो हाच. फक्त मधोमध ती लाल पट्टी फडफडत होती.

"ती फांदी मध्ये येतेय गं," सासूबाई खिडकीतून ओरडल्या. "लाल रंग डोळ्यात खुपतोय. काढ तिला."

कॅमेऱ्याच्या पडद्यावर बॅटरीची खूण लुकलुकायला लागली होती. ढग सरकत होता. सून धावत गेली, फांदी दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. फांदी जरा अडली, मग आतून काहीतरी खरवडत सुटून आली. तिने ती चरात फेकली, धावत जागेवर आली, श्वास रोखला आणि बटण दाबलं. खटकन आवाज झाला आणि कॅमेरा मेला. त्याच घटकेला ऊनही गेलं.

"मिळाला का?" सासूबाईंनी विचारलं.

"मिळाला, आई. असा मिळाला की काही विचारू नका."

"दाखव."

"आता कसा दाखवू? बॅटरी संपली. हे येतील ना, तेव्हा बघा."

कॅमेरा पिशवीत गेला, पिशवी मागच्या सीटवर गेली, गाडी सुरू झाली. फांदी चरातच राहिली. हा नियम तिने आयुष्यात कधी मोडला नव्हता, आणि मोडला तेव्हा तो मोडल्याचं तिला कळलंही नाही. आनंदाच्या भरात माणूस जेवढं विसरतो तेवढं दुःखातही विसरत नाही. घाटरस्त्यांवर मोठ्या अक्षरांत 'अति घाई, संकटात नेई' लिहिलेलं असतं आणि आपण सगळे ते वाचत वाचतच पुढच्या गाडीला मागे टाकत असतो.

पंपघर तळ्याच्या पलीकडच्या अंगाला होतं. तिथे पोचता पोचता सासूबाई पुन्हा म्हणाल्या, "थांबव. अगं बघ, जुळी बहीण."

रस्त्यात तशीच दुसरी फांदी उभी होती. तीच लाल पट्टी, तशीच शेंड्याला बांधलेली. सुनेला हसू आलं. म्हणजे ही कुणाची तरी गंमत आहे, तिला वाटलं. दोन फोटो शेजारी शेजारी लावता येतील. कॅमेरा बंद होता तरी मोबाइल होता. समोरून फांदी आखूड दिसत होती म्हणून ती बाजूच्या ओहोळात उतरली. खालून फोटो काढला तर फांदी आभाळावर येईल.

तिथून तिला रस्ता खालून दिसला.

खाली रस्ता नव्हताच. ओहोळाच्या पाण्याने रस्त्याखालच्या मोरीच्या बाजूची माती सगळी खाऊन नेली होती आणि आत अख्खी बैठकीची खोली मावेल एवढी काळोखी पोकळी झाली होती. वर डांबराची नुसती खपली उरली होती. त्या खपलीला वाटीएवढं भोक पडलं होतं, त्यातून फांदीचं टोक आत लोंबत होतं आणि दगडांच्या बेचक्यात घट्ट रोवलेलं होतं. कुणीतरी खाली उतरून, हात घालून, मुद्दाम ते पक्कं केलं होतं.

फांदी ओढताना आतून जे खरवडलं होतं, ते आता तिच्या हातांना आठवलं.

ती वर कशी चढली ते तिचं तिलाच कळलं नाही. गाडीत बसली, गाडी मागे घेतली, वळवली. चाक चरात जाता जाता राहिलं.

"अगं, काय झालं? फोटो काढलास का?"

"आई, यांना फोन लावा. माझ्या मोबाइलवरून. लावत राहा."

सासूबाईंनी लावला. स्पीकरवर रिंग वाजत राहिली. वाजून वाजून थांबली.

"तो गाडीवर असेल. उचलायचा नाही. शपथ आहे त्याला."

"माहीत आहे. तरी लावा."

"काय झालंय ते सांगशील का?"

सांगावं की न सांगावं, असा प्रश्न तिला पडलाच नाही, कारण खोटं बोलायला जेवढं डोकं लागतं तेवढंही तिच्यापाशी तेव्हा नव्हतं. "ती फांदी म्हणजे खूण होती," ती म्हणाली. "खाली रस्ता पोकळ आहे. कुणी त्यात जाऊ नये म्हणून लावलेली. मी उपटली आणि चरात टाकली. परत लावली नाही. आणि हे त्याच रस्त्यानं येतायत. मीच बोलावलंय त्यांना."

रिंग वाजत होती. मग त्यांनी मोबाइल मांडीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी समोरचा डॅशबोर्ड धरला.

"मीच म्हटलं, मध्ये येतेय," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"हात माझे होते, आई."

"जीभ माझी होती ना."

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, तसं सुनेचं मन एकामागून एक चित्रं काढत होतं आणि या चित्रांना बॅटरी लागत नव्हती. तो नेहमी रस्त्याच्या डाव्या कडेने चालवतो. फांदी डाव्या बाजूलाच होती. तो रस्त्याकडे कमी आणि शेतांकडे जास्त बघतो, कारण 'मलाही एखादी ठेव' म्हणाला होता. त्याला काही शोधून दाखवायचं असेल. आपण त्याला फोन केला तेव्हा तो बहुतेक पेपर वाचत पडला असेल. पडून राहिला असता तर काय बिघडलं असतं? एका बॅटरीवाचून जगात कुणाचं काही अडत नाही.

तळ्याला वळसा घालून गाडी चढाला लागली आणि समोर गवताने भरलेला ट्रॅक्टर आला. पुढे, त्याच दिशेने, गोगलगाईसारखा चाललेला. गवत दोन्ही बाजूंनी इतकं बाहेर आलं होतं, की रस्ता सगळा त्याचाच. तिने हॉर्न दाबला तो दाबूनच धरला. ट्रॅक्टरवाल्याने मागे वळून पाहिलं, हाताने 'थांबा, थांबा' केलं आणि पुढे जागा मिळेपर्यंत निवांत चालत राहिला. त्याची चूक नव्हती. पण सुनेने त्या घटकेला त्या माणसाचा जेवढा राग केला तेवढा आयुष्यात कुणाचा केला नसेल.

शेवटी एका शेतवाटेला वळून त्याने बाजू दिली. शेजारून जाताना तिने काच खाली केली. "दादा, वाटेत मोटारसायकल दिसली का? केशरी जर्किनवाला माणूस?"

"मी आत्ताच शेतातून वर आलो, ताई. रस्त्यावर कुणीच नाही."

"कुणीच नाही म्हणजे?"

"म्हणजे मला तरी कुणी दिसलं नाही. का हो?"

उत्तर द्यायला ती थांबली नाही. कुणीच नाही, हे बरं की वाईट? अजून आला नसेल तर बरं. आला असेल आणि तरीही दिसत नसेल तर काय? सासूबाईंनी पुन्हा फोन लावला. रिंग पुन्हा वाजली. मागच्या पेटीत कुलूपबंद होऊन वाजत असेल. पण ती पेटी चालत्या गाडीवर आहे की नाही, हे रिंगवरून कळायला मार्ग नव्हता.

"हळू चालव," सासूबाई एकदम म्हणाल्या.

"आई, आत्ता?"

"आत्ताच. तू त्या खड्ड्यात गेलीस तर त्याला सांगायला कोण उरेल?"

तिने पाय सैल केला. शहाणपण होतं ते, आणि शहाणपणाचा एवढा राग तिला कधी आला नव्हता.

वळण आलं. वळणाच्या पुढे रस्त्यात काहीतरी केशरी हलत होतं.

क्षणभर तिला वाटलं, फांदी परत उभी राहिली. मग डोळे स्थिरावले आणि दिसलं, की तो माणूस आहे. डोक्यावर हेल्मेट तसंच, एक हात छातीशी आवळलेला आणि दुसऱ्या हाताने काढलेलं जर्किन वर धरून तो हलवतोय. तोंडाने ओरडतोय, पण इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नाहीये. फांदी जिथे होती, त्याच्या थोडं अलीकडे, रस्त्याच्या बरोबर मध्ये तिचा नवरा उभा होता.

तिने ब्रेक दाबला. गाडी थांबली. तिचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात.

"पुढे येऊ नकोस," तो ओरडत होता. "गाडी तिथेच ठेव. रस्ता गेलाय. सगळा पोकळ आहे."

ती उतरून पळाली. त्याच्या मागे डांबरात एक भगदाड पडलं होतं, अर्ध्या रस्त्याएवढं, आणि त्यातून मोटारसायकलचं मागचं चाक तेवढं वर आलं होतं. त्याच्या पँटचा गुडघा फाटला होता, गालाला खरचटलं होतं. छातीशी धरलेलं उजवं मनगट सुजून विचित्र वाकडं झालं होतं. काच कापायचा हात.

"तुम्ही पडलात."

"पडलो कसला, फेकला गेलो. पुढचं चाक आत गेलं आणि मी हा असा पलीकडे. हेल्मेट होतं म्हणून." त्याचे ओठ पांढरे पडले होते. "गाडी आत, फोन पेटीत, तुला कळवू कसा? नुसता वाजत होता खालून. तू याच रस्त्यानं परतणार, आईला घेऊन. म्हणून इथे उभा राहिलो. बसायचीसुद्धा भीती वाटत होती. बसलो आणि चक्कर आली तर गवतात तुला दिसायचो नाही."

केव्हापासून तो तसा उभा होता कोण जाणे. मोडका हात घेऊन, तिने काढलेल्या खुणेच्या जागी तो स्वतः खूण होऊन उभा राहिला होता.

तोवर सासूबाई गाडीचं दार धरून, गुडघ्यांना शिव्या देत कशाबशा येऊन पोचल्या. त्यांनी मुलाचं तोंड दोन्ही हातांत धरून इकडे वळवलं, तिकडे वळवलं. "डोकं दुखतंय का? उलटी येतेय का? माझं नाव काय?"

"आई, हात मोडलाय, डोकं नाही." आणि मग एवढा वेळ आवरून धरलेला राग बाहेर आला. "पण माणसं आहेत की कोण आहेत इथली? एवढं भगदाड पोटात घेऊन रस्ता उभा आहे आणि साधी खूण करून ठेवायची अक्कल नाही कुणाला? एक दगड ठेवायचा. एक काटकी लावायची. कुणी मेल्याशिवाय काही करायचंच नाही यांना."

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. ती नजर स्वच्छ कळण्यासारखी होती.

"हो ना," सासूबाई म्हणाल्या. "लोकांना काय पडलंय कुणाचं. जाऊ दे आता. चल, दवाखान्यात जाऊ आधी."

सुटकेचं दार उघडं होतं. त्यातून गुपचूप निघून जाता आलं असतं. नवऱ्याने आयुष्यभर त्या अनोळखी माणसांना दोष दिला असता, प्रत्येक पाहुण्याला ती गोष्ट रंगवून सांगितली असती, आणि ती शेजारी बसून मान हलवत राहिली असती. म्हातारीने सुनेसाठी खोटं बोलायला आपली जीभ पुढे केली होती, हेही काही थोडं नव्हतं. सून त्या दोघांना तिथेच सोडून चराकडे गेली. कडेकडेने, पाय चाचपत. गवतात हात घालून तिने फांदी शोधली आणि ती घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"खूण होती," ती म्हणाली. "ही. मी काढली. फोटोत मध्ये येत होती म्हणून."

तो फांदीकडे पाहत राहिला.

"आणि परत लावली नाही?"

"नाही. विसरले."

"तू?"

त्या एका अक्षरात काय नव्हतं. फुटकी बाटलीसुद्धा परत जागेवर नेऊन ठेवणारी ती, आणि हे त्याला जितकं माहीत होतं तितकं जगात कुणालाच नव्हतं.

"मी सांगितलं तिला काढायला," सासूबाई म्हणाल्या. "म्हटलं, डोळ्यात खुपतेय."

"आई, तू गप्प बस." तो आईशी असं कधी बोलत नसे. तो रस्त्याच्या कडेला गेला आणि हळूच गवतात टेकला. आता त्याला उभं राहायचं कारण उरलं नव्हतं. हेल्मेटही त्याने काढलं नाही. बराच वेळ तो मोटारसायकलच्या चाकाकडे बघत बसला आणि त्या दोघींपैकी कुणाची त्याच्याजवळ जायची छाती झाली नाही.

"लाव ती जागेवर," शेवटी तो म्हणाला. "दोन्ही अंगांनी दिसेल अशी. त्याशिवाय मी इथून हलणार नाही."

एक फांदी आता पुरणार नव्हती. तिने गवतातून सुकलेली दुसरी फांदी ओढून आणली, दगड गोळा केले. भगदाडाच्या अलीकडे एक ढीग रचला आणि कडेच्या गवतातून पलीकडे जाऊन दुसरा. जुनी फांदी एका ढिगात रोवली. दुसऱ्या फांदीला बांधायला लाल पट्टी नव्हती, म्हणून त्याचं केशरी जर्किन बांधलं. जुन्या पट्टीची गाठ घट्ट करायला गेली तेव्हा तिने ती पहिल्यांदा नीट पाहिली. एकावर एक गाठी मारल्या होत्या आणि वाऱ्याने निसटू नये म्हणून टोक आत खोचलं होतं. कापड कुणाच्या तरी जुन्या सदऱ्याचं होतं, कडेला काज दिसत होतं. आपला सदरा फाडून, ओळख ना पाळख अशा माणसांसाठी कुणीतरी इथे गाठी मारत बसलं होतं, आणि तिने ते खटकन बाजूला फेकलं होतं. तिला रडू आलं. तिने ते पुसलं नाही, हात मातीने भरले होते.

मग सुनेने गाडी तळ्याच्या दिशेने वळवून ठेवली. दोघींनी त्याला धरून गाडीपर्यंत आणलं आणि मागच्या सीटवर बसवलं. सासूबाईंनी आपल्या दोन्ही उशा त्याच्या मोडक्या हाताखाली लावल्या. फोन आणि मोटारसायकल तशीच खड्ड्यात राहिली. दवाखाना आता तळ्याला पूर्ण वळसा घालून, पंपघराअलीकडच्या शेतवाटेने गाठावा लागणार होता. सुनेने किल्ली लावली.

"थांब," तो म्हणाला. डावा हात वाकडा करून त्याने कसाबसा शर्टाच्या खिशात घातला. "ही घे तुझी बॅटरी."

"अहो, राहू द्या आता."

"घाल. बघू दे मला."

तिने मागच्या सीटवरून पिशवी ओढली, कॅमेरा काढला, बॅटरी घातली. पडदा उजळला. तिने तो त्याच्या डाव्या हातात दिला. सासूबाईंनी मान वळवली नाही. समोरच्या डॅशबोर्डवर हात ठेवून त्या बसून राहिल्या.

आधी पडद्यावर फांदीचा फोटो होता. तो त्याने पाहिला. मग अंगठ्याने बटण दाबलं आणि दुसरा आला. पेटलेलं पिवळं गवत, पाण्यावर उतरलेलं ऊन आणि मधून वळत गेलेला गुळगुळीत काळा रस्ता. तो कितीतरी वेळ बघत राहिला. चांगलं काय आणि वाईट काय, हे त्याला कळत होतं. तिच्या प्रत्येक फोटोला त्यानेच फ्रेम घातली होती.

"सुंदर आलाय," तो म्हणाला. "खड्डा कुठेच दिसत नाही."

तिने कॅमेरा त्याच्या हातातून घेतला. मागच्या काचेतून लाल पट्टी आणि केशरी जर्किन दोन्ही दिसतायत ना, ते वळून एकदा पाहिलं. मग कॅमेरा पिशवीत ठेवला आणि गाडी सुरू केली.